दुष्काळ, कर्जखत आणि अंगठा: दख्खनच्या गरिबीवर ऐतिहासिक नाटक लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कुठल्या नाटकांबद्दल आहेत?

१८७५ ते १८७९ या काळातल्या पुणे, नगर, सोलापूर, सातारा या पट्ट्यावर कुणी दोन अंकी नाटक, एकांकिका किंवा मालिकेची पटकथा लिहायला घेतली की तेच ते प्रश्न पुन्हा समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणासाठी एक काल्पनिक घर धरू: भीमथडीतला एक कुणबी, बारा-पंधरा एकर जिराईत, एक बैलजोडी, बायको, म्हातारी आई, एक मुलगी आणि अंगावरचं पोर. नावं तुमची तुम्ही द्या.

हाच काळ का? दुर्गादेवीचा दुष्काळ का नको?

लिहा की, कोण अडवतंय! पण १३९६ च्या आसपास सुरू झालेल्या त्या दुष्काळाबद्दल दंतकथा भरपूर आणि कागद थोडा. १८७० च्या दशकाचं उलटं आहे. १८७५ मध्ये कर्जबाजारी रयतेनं सावकारांविरुद्ध दंगा केला, चौकशी झाली, दख्खन दंगे आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला. कर्जखतं, दिवाणी दावे, मजुरीचे दर, अर्ज असा सगळा कागद शिल्लक आहे.

शिवाय माणूस कोपऱ्यात कसा ढकलला गेला, याची साखळी इथे स्पष्ट दिसते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार दारात येऊन पैसे देऊ लागला. युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी आटली. त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापुरापासून सुरुवात करून शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली आणि सारा ठिकठिकाणी निम्म्याहून जास्त वाढला. मग १८७५ चा दंगा, आणि दंग्याची राख निवते न निवते तोच १८७६ चा पाऊस गेला. नाटककाराला एवढी आयती बांधणी क्वचितच मिळते.

गरिबाला निवड असतेच कुठे? सगळं परिस्थितीच करते ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि नाटकं बहुतेक इथेच फसतात. नायक बिचारा, परिस्थिती क्रूर, दोन तास हालअपेष्टा, शेवटी मरण. प्रेक्षक हळहळतो आणि पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत विसरतो.

निवड नसेल तर नैतिक पेच नाही, आणि पेच नसेल तर नाटक नाही. गरिबी निवड काढून घेत नाही. प्रत्येक निवडीची किंमत घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी भरायला लावते. बैल विकला तर पुढच्या वर्षीची पेरणी गेली, म्हणजे पोराचं पोट गेलं. बैल राखला तर कडब्याला पैसा लागतो, म्हणजे म्हातारीची भाकरी गेली. दोन्ही वाटा उघड्या आहेत आणि दोन्हींच्या तोंडाशी एकेक माणूस उभा आहे. ते माणूस प्रेक्षकाला दिसलं पाहिजे आणि हिशेबही कळला पाहिजे. माझं सरळ मत असं: आधी हिशेब, मग हुंदका. हिशेब न कळता आलेला हुंदका नटाचा असतो, पात्राचा नव्हे.

घरातलं काय आधी जातं, काय शेवटी? याला काही क्रम असतो का?

असतो, आणि तो चुकला की जाणता प्रेक्षक लगेच ओळखतो. पहिल्याच प्रवेशात जमीन विकणारा शेतकरी खोटा वाटतो.

आधी जातात तांब्या-पितळेची भांडी. त्यामागोमाग बायकोच्या अंगावरचे दागिने: वाळे, गोठ, पुतळ्यांची माळ असलीच तर ती. मंगळसूत्रातले सोन्याचे मणी बरेच उशिरा, आणि तेही रात्री, शेजारणीला कळू न देता. मग घराचं छप्पर. हा तपशील सहसा कुणी वापरत नाही: चारा संपला की शाकारणीचं जुनं गवत उपसून बैलांपुढे टाकत. छप्पर उघडं पडतं, पण बैल आठ दिवस आणखी उभा राहतो. हे रंगमंचावर दाखवायला खर्चही येत नाही. प्रवेशागणिक वरचा एकेक पेंढा कमी करत जा आणि उजेड वाढवत जा.

मग बैल. दुष्काळात जनावरं विकणारे सगळे आणि घेणारा एखादाच, त्यामुळे ज्या महिन्यात धान्य कडाडतं त्याच महिन्यात बैल कवडीमोल होतो. एक जोडी विकून पूर्वी जेवढं धान्य आलं असतं त्याचा लहानसा तुकडाच हाती पडतो. म्हणून ‘लवकर विकणारा’ आणि ‘आशेवर थांबणारा’ असे दोन भाऊ घेतलेत तर त्या दोघांच्या भांडणातच अख्खा अंक निघेल. दोघांचंही बरोबर असतं, फक्त पावसानं कुणाची बाजू घ्यायची ते ठरायचं असतं.

यापुढे बी, जमीन आणि माणसं. जमीन शक्यतो विकली जात नाही, गहाण पडते. सातबारा हा शब्द मात्र या काळात आणू नका, तो पुढचा आहे.

बियाणं खाण्याचा प्रसंग कसा लिहावा?

माझ्या मते या विषयातला हा सर्वांत मोठा प्रसंग आहे आणि त्याला ओरडा अजिबात लागत नाही.

सोलापूर-नगरकडे धान्य पेवात साठवत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, आतून लिंपून घेतलेला खड्डा. तोंड अरुंद, वर माती चोपलेली. बरेच दिवस बंद असलेल्या पेवात वाईट हवा कोंडलेली असते, म्हणून आत उतरण्याआधी दिवा सोडून पाहतात. दिवा विझला तर थांबायचं. आता पाहा: घरात चार माणसं भुकेली, पेवाच्या तळाशी पायली-दोन पायली ज्वारी फक्त बियाण्यापुरती, आणि दिवा विझलेला. थांबायचं. तेवढ्या वेळात नवरा-बायकोनं काय बोलायचं? म्हातारी म्हणते, बी खाल्लं तर औंदा जगू, पुढच्या साली काय पेरशील? बायको म्हणते, पुढच्या साली पेरायला कोण राहणार आहे ते आधी ठरवा. पेवाच्या काठावर बसून हे बोलणं झालं की नैतिकतेवर वेगळं भाषण लिहायची गरज उरत नाही.

आणि एक. बी खाल्लं नाही म्हणजे नायक थोर, खाल्लं म्हणजे हतबल, असं ठरवून टाकू नका. बी राखलं आणि त्या महिन्यात पोर गेलं, असंही घडत असणार. नंतर आलेल्या पावसात त्याच बियाची पेरणी करताना त्या माणसाचे हात कसे चालले असतील, हे नटानं शोधावं.

सावकार खलनायकच ना?

दुष्ट दाखवा, हरकत नाही. फक्त मूर्ख आणि एकटा दाखवू नका.

सावकाराच्या हातात जे बळ आलं ते कायद्यानं दिलेलं होतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आली. कायद्याचा हेतू चांगला होता: व्याज वर्षानुवर्षं फुगत जाऊ नये. झालं भलतंच. तीन वर्षं भरत आली की सावकार नवं खत लिहून घ्यायचा, आणि जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज हे नव्या खतात मुद्दल म्हणून बसायचं. त्यावर पुन्हा व्याज. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण दंगे आयोगापुढे आलं होतं. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वाढू नये हा दामदुपटीचा जुना दंडक गावाला ठाऊक होता. म्हणून रयतेचा राग नुसता गरिबीचा नव्हता, ठरलेली रीत मोडल्याचा होता. नाटकात ही धार आणा. ‘मला पैसे द्यायचे नाहीत’ असं तुमचा कुणबी म्हणत नाहीये. ‘घेतले तेवढ्याचे दुप्पट घे आणि माझा कागद फाड’ असं तो म्हणतोय.

सावकाराच्या मागेही कुणी तरी होतंच. साऱ्याचा हप्ता ठरल्या तारखेला रोख भरायचा, पीक येवो न येवो. तो भरायला रयत सावकाराकडे जाते. म्हणजे सरकारचा महसूल वेळेवर जमा होण्याची सोय सावकारच करत होता. मामलेदाराला हे पक्कं ठाऊक होतं. हा माणूस एका प्रवेशात येऊन चहाही न घेता निघून गेला तरी चालेल (चहा तसाही त्या गावात मिळाला नसता), पण त्याचं सावकाराशी अदबीनं बोलणं प्रेक्षकानं ऐकायला हवं.

जातीच्या बाबतीत सांभाळून. १८७५ मध्ये मार मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर पडला. पण सावकारी ब्राह्मणही करत होते, सधन मराठे-कुणबीही करत होते. जिथे दोन्ही होते तिथे बऱ्याचदा बाहेरच्यालाच लक्ष्य केलं गेलं आणि गावातला सुटला, अशी नोंद खुद्द आयोगानं केली आहे. याचं सोनं करा: खतं जाळून परतलेला जमाव पाटलाच्या वाड्यासमोरून मुकाट जातो, आणि पाटलाकडेही चार जणांची खतं आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. परप्रांतीय राक्षस आणि देशी देवमाणसं अशी वाटणी करणारं नाटक इतिहासाशीही खोटं वागतं.

खतावर अंगठा देण्याचा प्रसंग किती तपशिलात लिहू?

जितका जमेल तितका. या काळातला एक कागद डोळ्यांसमोर ठेवा: कर्ज फिटत नाही म्हणून शेतकरी आपले बैल आणि गाडी सावकाराच्या नावे करून देतो, आणि लगेच दुसऱ्या कागदानं तेच बैल, तीच गाडी भाड्यानं घेतो. भाडेखतच. बैल गोठ्यातून हललेला नाही. त्याला वैरण हाच घालतोय, रात्री उठून हाच बघतोय, आणि दरमहा भाडंही हाच भरतोय. भाडं थकलं की ते परत कर्जात.

कागद वाचून दाखवणारा कोण, हे ठरवा. कुळकर्णी वाचतो? मग तो काय गाळतो? तो सावकाराचा मिंधा असेल, गावाचाही असेल, आणि त्याच्या मुलीचं लग्न यंदाच असेल. एका वाक्याचं गाळणं, एवढाच त्याचा गुन्हा. मला विचाराल तर तिथे तुमच्या नाटकातलं सर्वांत रंजक पात्र सापडेल. तो उपाशी नाही, त्यामुळे त्याच्या पापाला भुकेचा आडोसा मिळत नाही.

सुप्याच्या दंग्यात खतं जाळली ते बरोबर की चूक, नाटकानं काय भूमिका घ्यावी?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, बाजारपेठेच्या गावी, आसपासच्या खेड्यांतली रयत जमली. चोपड्या आणि कर्जखतं मागितली, जाळली; धान्याची दुकानं लुटली; काही घरांना आगी लावल्या. लोण पुढे तीसहून जास्त गावांत पोचलं. पोलिसांनी ९५१ माणसं धरली. सावकारानं मागितलेला कागद हवाली केला तिथे माणसावर हात सहसा उचलला गेला नाही, ही त्या दंग्याची खासियत.

भूमिका घेण्याची घाई करू नका. त्या जमावात उभा राहून तुमचा कुणबी नेमकं काय करतो ते लिहा. चोपडीत त्याच्या एकट्याचं खातं नाही. तिच्यात एका विधवेनं सावकाराकडे ठेवायला दिलेल्या दागिन्यांची नोंद आहे आणि त्या नोंदीशिवाय तिच्याकडे पुरावा नाही. चोपडी आगीत गेली की कुणब्याचं कर्ज जळतं आणि तिचं सोनंही जळतं. ती त्याला विनवतेय, एवढं एक पान फाडून दे. त्याला वाचता येत नाही.

बहिष्काराबद्दल कमी बोललं जातं. तो दाखवावा का?

जरूर. दंग्याआधी शस्त्र होतं ते बहिष्काराचं. शिरूर तालुक्यातल्या करड्याला १८७४ च्या अखेरीस सावकारानं हुकूमनामा बजावून देशमुखाचं घर पाडायला घेतलं आणि गाव बिथरलं. सावकारांना सगळ्या गावानं वाळीत टाकायचं ठरलं. काही गावांनी संमतिपत्रं लिहिली: जो कुणी सावकाराचं शेत करील त्याचं न्हाव्यानं डोकं करू नये, परटानं कपडे धुऊ नयेत, सुतार-लोहारानं काम करू नये.

ऐकायला छान वाटतं. पण सावकाराचं शेत करतं कोण? ज्याची स्वतःची जमीन आधीच सावकाराकडे गेली आहे तो. म्हणजे बहिष्काराचा पहिला फटका गावातल्या सर्वांत नागवलेल्या माणसाला. गावाच्या एकीसाठी त्यानं उपाशी राहावं, असं ज्यांच्या घरी अजून दोन वेळचं आहे ते लोक बेलभंडारा उचलून ठरवतात. तो माणूस संमतिपत्रावर अंगठा देतो की नाही? दिला तर घरी जाऊन काय सांगतो? माझ्या हातात असतं तर दंगा पडद्याआड ठेवून मी या एका बैठकीवर नाटक उभं केलं असतं.

मुलं विकण्याचा प्रसंग घ्यावा की तो अतिरंजित वाटेल?

सावित्रीबाई फुल्यांनी २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नरजवळच्या ओतुरहून जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात दुष्काळाचं वर्णन आहे. पोरं, तरण्या मुली विकून लोक गाव सोडत असल्याचं त्यात आहे. तेव्हा प्रसंग खरा आहे. अतिरंजित वाटेल तो तुमच्या मांडणीमुळे.

चुका दोन होतात. एक, विकणाऱ्या बापाला पशू करायचं. दोन, घेणाऱ्याला नुसता सैतान करायचं. लिहिण्यासारखं तिसरंच आहे: मुलगी आपल्याकडे राहिली तर मरेल, तिकडे गेली तर जेवेल, असं आईबापांनी स्वतःला पटवणं. आणि हे पटवताना घेतलेल्या पैशाचं काय करायचं? त्या पैशाच्या धान्याचा पहिला घास कोण घेतो? आईनं घेतला नाही तर अंगावरच्या पोराला दूध नाही. इथे संवाद जितके कमी तितकं बरं. मुलीचं वय मात्र प्रेक्षकाला नीट कळू द्या. आठ वर्षांच्या मुलीला सगळं कळतं आणि ती विचारते, बरोबर काय घेऊ.

दुसरी वाटही ठेवा. सत्यशोधक मंडळी त्या काळात अन्नछत्रं चालवत होती, धनकवडीला दुष्काळातल्या निराधार मुलांची सोय केली होती. मग आईपुढचा पेच बदलतो: मूल तिकडे सोपवायचं म्हणजे ते कुणाच्या पंक्तीला बसेल, परत आल्यावर जात घेईल का, ही भीती भुकेइतकीच खरी होती. आजच्या प्रेक्षकाला ती मूर्खपणाची वाटते. वाटू द्या, पण आईच्या तोंडी ती ठामपणे आली पाहिजे.

घरातल्या बाईला रडण्यापलीकडे काम काय द्यावं?

वाटप. घरातली भाकरी मोडणारे हात तिचे आहेत आणि नाटकातले निम्मे निर्णय तिथे होतात. चार माणसं, दीड भाकरी, तीही बाजरीची राहिली नाही तर बरबड्याच्या बियांची. दुष्काळात लोक हे रानातलं बी दळून खात. कामावर जाणाऱ्या नवऱ्याला जास्त द्यावं, कारण उद्याची मजुरी तो आणणार. पोराला द्यावं, कारण ते पोर आहे. म्हातारी आजकाल ‘पोटात गच्च वाटतंय’ म्हणून ताटावर बसतच नाही. सुनेला ते खोटं आहे हे माहीत आहे. ती खोटं मान्य करते की ताट पुढे सरकवते? रोज संध्याकाळी हा निवाडा तिलाच करावा लागतो.

बाईच्या अब्रूवर घातलेला हात दाखवून प्रेक्षकाला पेटवण्याचा मोह मात्र टाळा. असं घडत असे, पण नाटकात ते बहुधा नायकाचा संताप चेतवण्यापुरतं येतं आणि बाई तिथेच संपते.

दुष्काळी कामांचा भाग कंटाळवाणा होतो. कापू का?

कापू नका, नीट लिहा. दौंड-मनमाड रेल्वे, नीरा कालवा अशी कामं या दुष्काळात लोकांच्या घामावर पुढे सरकली. खडी फोडायची, माती वाहायची. १८७७ च्या सुरुवातीला, दुष्काळाच्या पाहणीसाठी सरकारनं नेमलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मजुरी खाली आली: धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही थोडं कमी. बाईला त्याहून कमी. एवढ्या अन्नावर दिवसभर खडी फुटत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. त्याच महिन्यात, १ जानेवारी १८७७ ला, दिल्लीत राणीला कैसर-ए-हिंद जाहीर करणारा दरबार भरला होता. हा विरोध फार ठळक आहे, म्हणून एका वाक्यात उरका. त्यावर अख्खा प्रवेश रचलात तर तो पोस्टरसारखा दिसेल.

लोकांनी काय केलं? हजारोंनी कामं सोडली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, ज्या पुण्याच्या सार्वजनिक सभेत होते त्या सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आता पेच पाहा: भुकेल्या माणसानं अन्न देणारं एकमेव काम सोडायचं, कारण ते पुरेसं अन्न देत नाही. उद्या सगळ्यांची मजुरी वाढेल यासाठी आज आपलं पोर उपाशी ठेवायचं. आणि शेजारचा गुपचूप कामावर परतला तर त्याला काय म्हणायचं? फितूर म्हणणं सोपं आहे. त्याच्या घरी अंगावरचं पोर आहे, आणि ते तुमच्या नायकाच्या बायकोनं कालच मांडीवर घेतलं होतं.

जातीचा प्रश्न आणला नाही तर चालेल का? नाटक गरिबीवर आहे.

नाही चालणार. दोघे उपाशी, पण दोघांची उपासमार एका दिवशी सुरू होत नाही. कुणब्याकडे गहाण ठेवायला जमीन आहे, म्हणून त्याला निदान कर्ज मिळतं. महार-मांगांचं पोट गावकीच्या कामाच्या मोबदल्यावर आणि मजुरीवर. पीकच नाही तर बलुतं कशातून येणार? त्यांना कुणी खत लिहून कर्ज देत नाही. त्यामुळे गाव अजून ‘यंदा जरा ओढ आहे’ म्हणत असतं तेव्हा महारवाड्यातली घरं वऱ्हाडाकडे, मुंबईकडे चालू लागलेली असतात. तुमचा पहिला प्रवेश तिथून सुरू करून बघा.

आणि पाणी. महारवाड्याचा पाणवठा आधी आटला तर? गावाच्या विहिरीत हातभर पाणी आहे. हा पेच महाराचा नाही. काठावर उभ्या असलेल्या कुणबिणीचा आहे: पोहरा वरून ओतायचा का, किती ओतायचा, कुणी पाहिलं तर काय. तिला उदार दाखवून टाळ्या घेऊ नका. तिनं एकदा ओतावा आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाण्याची वेळ बदलावी.

नायकानं दरोडा घातला तर प्रेक्षक त्याच्या बाजूनं राहतील?

राहतील, हीच अडचण आहे. वासुदेव बळवंत फडके दुष्काळी मुलूख पाहून पेटले, रामोशांना जमवलं आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीसारख्या गावांवर धाडी घातल्या. पैसा हवा होता तो बंडासाठी. बरोबर आलेल्या अनेकांना मात्र आधी पोटासाठी हवा होता. एकाच धाडीत दोन हेतू. लुटीची वाटणी करण्याचा प्रवेश लिहिलात तर कुठलंही भाषण न देता दोन्ही बाजू उभ्या राहतात. त्या रात्री लुटलेल्या घरातल्या एखाद्या बाईलाही दोन वाक्यं द्या.

मापं आणि पैसे कसे लिहावेत?

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. धान्य शेर, पायली, मण, खंडीत. भाव ‘रुपयाला इतके शेर’ असा सांगत, म्हणजे आकडा कमी झाला की महागाई वाढली. तालमीत नट हे हमखास उलटं करतात: ‘भाव आठावर आला’ म्हणताना चेहरा उजळतो. एकर चालतं, किलो चालत नाही.

१८७९ च्या कायद्यावर शेवट केला तर थोडं आशादायक होईल ना?

दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा त्या वर्षी झाला खरा, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जासाठी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकणं बंद झालं. खास गहाण न दिलेली जमीन लिलावात काढता येईना. कोर्टानं नुसतं खत न पाहता व्यवहार मुळापासून तपासायचा होता, आणि दस्त गावच्या रजिस्ट्रारपुढे करायचे होते. तोवर तुमच्या कुणब्याच्या घरात कोण उरलं आहे ते मोजा, मग आशादायक म्हणा. सावकारही गप्प बसला नाही. गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून मागू लागला.

पण प्रवेश म्हणून यात जीव आहे. रजिस्ट्रारची कचेरी. कुणबी, सावकार, दोन साक्षीदार. रजिस्ट्रार कागद मोठ्यानं वाचतो आणि विचारतो, ‘शंभर रुपये मिळाले?’ मिळाले आहेत साठ. ‘नाही’ म्हटलं तर कायदा त्याच्या बाजूचा आहे, पण ते साठही आजच परत जातील आणि पेरणी चार दिवसांवर आली आहे. ‘होय’ म्हटलं तर खोटं त्याच्या स्वतःच्या तोंडून नोंदलं जातं. हा प्रवेश पाच मिनिटांचा ठेवा, सावकाराला एकही वाक्य देऊ नका, आणि उत्तरानंतर लगेच पडदा. मागून निवेदन किंवा अभंग लावायचा असेल तर माझा त्याला विरोध आहे.